अंगठ्यापासून अक्षरापर्यंत : मनाची जखम भरणारे वाचन-लेखन

ताप आला की आपण दवाखाना गाठतो. हात मोडला तर हाडाचा डॉक्टर शोधतो. पण पाणवठ्यावरून हाकलून दिलेल्या माणसाच्या मनाला जी जखम होते, ती कोणत्या दवाखान्यात दाखवायची? वर्गात दाराजवळ बसवलेले पोर घरी येऊन गप्प बसते. त्याला कोणती गोळी द्यायची? नवऱ्याचा मार खाऊन सकाळी पुन्हा कामावर जाणाऱ्या बाईने आपले दुखणे कुणापुढे मांडायचे?

आपल्या समाजाने हे दुखणे पिढ्यान्‌पिढ्या गिळले. आणि गिळलेले दुःख माणसाला आतून सांगत राहते की, दोष तुझाच आहे. तुझे नशीब, तुझे मागल्या जन्मीचे पाप! आमच्या मते खरा आजार हाच. या आजारावर आपल्याला जे औषध लागू पडले, ते म्हणजे अक्षर. दुःख कागदावर उतरले की ते डोळ्यांपुढे येते. मग कळते की, हा माझा दोष नव्हता, हे माझ्यावर कुणीतरी लादले होते. आणि दुसऱ्या कुणी ते वाचले की एकटेपणही संपते. कथा-कादंबऱ्या, आत्मकथने आणि सिनेमा यांतून हे औषध कसे काम करते, ते या लेखात पाहू.

कागदाने दिलेली जखम

सुरुवात आपल्या डहाणू-तलासरीपासूनच करू. कैनाड, कोसबाड, गंजाड, झरी ही नावे आज पालघर जिल्ह्याच्या नकाशावर आहेत. एकेकाळी या मुलखातल्या वारली बांधवाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटत असेल, तर ती कागदाची. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे, कागदावर अंगठा उठवायचा, आणि मग नवराबायको दोघांनी त्याच्या दारी राबत राहायचे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज किती होते, किती फिटले, किती उरले, सारे सावकाराच्या वहीत. वही वाचता येत नाही, म्हणून सुटका नाही. अशी माणसाला बांधून घालणारी अक्षरे या मुलखाने पाहिली आहेत.

मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारली शेतमजुरांची मोठी परिषद झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी हुतात्मा झाले. या लढ्याचे नेतृत्व गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी केले. यांतले शामराव १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळावर निवडून आले होते, ही गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी.

गोदावरीबाईंनी या लढ्याची हकीकत पुढे लिहून काढली. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा आम्हांला मोलाची वाटते ती वेगळी गोष्ट. ज्या माणसांचे नाव आजवर फक्त सावकाराच्या वहीत होते, ती माणसे या पुस्तकात स्वाभिमानाने उभी राहिली. कागद तोच, शाईही तीच. लिहिणाऱ्याचा हेतू बदलला, आणि ज्या कागदाने जखम केली होती त्याच कागदाने मलम लावले.

चौक लिहिणारे हात

याच मुलखात आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. वारली घरात लग्न निघाले की सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. पण त्यांच्या बोलीत चौक ‘काढत’ नाहीत, चौक ‘लिहितात’. ज्यांना जगाने निरक्षर म्हटले, त्या बायका भिंतीवर लिहीतच होत्या. आपण ते वाचायला शिकलो नव्हतो, एवढेच.

गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. सात वर्षांचे असताना त्यांची आई गेली. त्या धक्क्याने हे पोर बोलायचेच थांबले. कित्येक वर्षे ते बोटाने धुळीत चित्रे काढून आपल्या मनातले सांगत असे. त्याच बोटांनी पुढे वारली चित्रकला जगभर पोहोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. बोलता न येणारे दुःख बोटांवाटे बाहेर पडले, म्हणून ते मूल जगले, असे आम्हांला वाटते. अक्षर असो वा चित्र, आतले बाहेर आणण्याची वाट मिळाली पाहिजे.

अनुताई वाघ यांचेही उदाहरण याच मातीतले. बालवयात लग्न आणि लगेच वैधव्य! त्या काळी अशा मुलीचे आयुष्य घराच्या कोपऱ्यात संपून जायचे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी शाळा उभ्या केल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यावी, म्हणून ‘कुरणशाळा’ काढली. स्वतःला अक्षराने वाचवले, ते अक्षर त्यांनी दुसऱ्याच्या पोरांना दिले.

फुल्यांचे नाटक, मुक्ताचा निबंध

आता साहित्याकडे वळू. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एका कुणब्याची बायको गरोदर असते. जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो आणि त्या गरीब जोडप्याला लुबाडतो. भीतीने आणि कर्जाने ती दोघे खचून जातात. शेवटी त्यांचे डोळे उघडतात तेव्हा ती काय करतात? देवळात जात नाहीत की दुसऱ्या जोशाकडे धावत नाहीत. फुले पतिपत्नीच्या शाळेत जाऊन लिहायला-वाचायला शिकायचे ठरवतात. मनातल्या भीतीवर वाचन हे औषध, असे सांगणारी यापेक्षा जुनी मराठी नाट्यकृती आम्हांला माहीत नाही. त्या काळच्या दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले. रोग पसरवणाऱ्यांना औषध नकोच असते!

त्याच १८५५ सालची दुसरी घटना. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळेत जाऊन जेमतेम काही वर्षे झालेली ही मुलगी. पण हाती लेखणी येताच तिने पहिला प्रश्न विचारला तो आपल्या लोकांच्या दुःखाबद्दल. त्यात रडगाणे नव्हते, जाब होता. दुःखाचा जाब विचारता येणे ही बरे होण्याची पहिली खूण होय.

बाबासाहेबांनी लिहिलेली आठवण

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेबांचे वाचन सर्वांना ठाऊक आहे. पुस्तकांसाठी त्यांनी ‘राजगृह’ बांधले. पण आपली स्वतःची दुःखे त्यांनी क्वचितच लिहिली. १९३५-३६च्या सुमारास लिहिलेल्या काही आठवणी पुढे १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने निघाल्या. मराठीत ती ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ या नावाने ओळखली जाते.

त्यातली १९०१ सालची हकीकत प्रत्येक आईने आपल्या मुलांना वाचून दाखवावी. छोटा भीमराव भावाबरोबर आणि भाच्याबरोबर वडिलांना भेटायला निघाला. नवे कपडे, पहिलाच आगगाडीचा प्रवास. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कुणीच आलेले नाही. येत असल्याचे पत्र पाठवले होते, पण ते वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. जात कळताच गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले आणि गाडीही पोरांनीच हाकली. जवळ खायला होते, पण प्यायला पाणी कुणी देईना. रात्र तहानेत काढली.

या प्रसंगानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी, जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेल्या माणसाने ही तहान लिहून काढली. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला कळत नाही, त्याला ते समजावे, असा त्यांचा हेतू होता. कुठे आक्रोश नाही. स्टेशनमास्तर काय म्हणाला, गाडीवाला कसा वागला, किती वाजले होते, सारे शांतपणे मांडले आहे. वाचताना आपल्याला कळते की, त्या मुलात काहीच उणे नव्हते, उणे होते ते त्या समाजात. हीच गोष्ट आपल्या पोरांना कळायला हवी.

दुकानातला रद्दी कागद आणि लपवलेली वही

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर शिकलेल्या पिढीने जे लिहिले, ते दलित साहित्य म्हणून जगाला माहीत झाले. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्याची मांडणीच पाहा. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. म्हणजे जखमी माणूसही तोच आणि ऐकून घेणाराही तोच! स्वतःच स्वतःजवळ बसून ऐकावे, धीर द्यावा, असे ते लेखन आहे. ते काहींना बोचले. ‘आपली अब्रू चव्हाट्यावर का मांडता?’ असे आपल्यातलेच लोक म्हणाले. पण जखम झाकली तर चिघळते, हे कष्टकरी माणसाला वेगळे सांगायला नको.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची कहाणी तर आपल्या प्रत्येक भगिनीने ऐकावी. छोटे किराणा दुकान, पदरी मुले, घरात नवऱ्याचा धाक. पुड्या बांधण्यासाठी आणलेले रद्दी पेपर त्या दुकानात बसून वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या. पण घरात कळले तर? म्हणून लिहिलेले कागद वर्षानुवर्षे लपवून ठेवले. वीसेक वर्षे अशी गेली! ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले ते १९८६ साली. आज ते देशोदेशी वाचले जाते. त्या २०१२ साली गेल्या, पण रद्दीच्या कागदावरून सुरू झालेले ते वाचन अमर झाले.

त्याच १९८६ साली शांताबाई कांबळे या शिक्षिकेचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुस्तकरूपाने निघाले. त्यावर आधारित ‘नाजुका’ ही मालिका दूरदर्शनवर आली आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्या आयाबायांनीही ती पाहिली. उर्मिलाताई पवार यांच्या २००३ सालच्या आत्मकथनाचे नाव ‘आयदान’. त्यांची आई बांबूची सुपे-टोपल्या विणून घर चालवायची. आईचे विणणे आणि लेकीचे लिहिणे एकाच जातीचे, असे त्यांना वाटते. विधवा झालेली आई हुंदके देता देताही विणत राहिली. लेकीने पोटचा मुलगा गमावल्यावर लेखणी सोडली नाही.

पडद्यावरचे धडे

सिनेमाने हेच काम दुसऱ्या रीतीने केले. ‘बलुतं’वर भास्कर चंदावरकर यांनी १९८२ साली ‘अत्याचार’ हा चित्रपट काढला. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ साली चित्रपटगृहांत लागला तेव्हा आपल्या वस्त्यांतून लोक कुटुंबासह गेले. त्यात जब्या मारलेले डुक्कर वाहून नेत असतो, आणि मागे शाळेच्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, बाबासाहेब यांची चित्रे असतात. एक शब्दही न बोलता पडदा आपल्याला विचारतो की, भिंतीवरचे महापुरुष त्या पोराच्या आयुष्यात कधी उतरणार? चित्रपट पाहून बाहेर पडलेली माणसे गप्प होती. अनेकांना आपले शाळेतले दिवस आठवले आणि त्या रात्री घरोघर पहिल्यांदाच त्यावर बोलणे झाले.

२०२१ चा ‘जय भीम’ हा मूळ तमिळ चित्रपट आपल्या लोकांनी मोबाईलवर, हिंदीतून पाहिला. इरुळर जमातीच्या राजाकन्नूचा पोलिस कोठडीत जीव जातो आणि त्याची अडाणी, गरोदर बायको सेंगेनी न्यायालयात लढते. पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले के. चंद्रू यांनी वकील असताना लढवलेल्या खटल्यावर ही कथा बेतलेली आहे. त्यातले शेवटचे दृश्य आठवा. सेंगेनीची चिमुरडी वकिलाच्या समोर खुर्चीवर बसते, वर्तमानपत्र हातात घेते आणि त्यांच्यासारखाच पायावर पाय टाकते. क्षणभर बिचकते. वकील मानेनेच खूण करतात, बस तशीच, वाच! ज्या घराला कागदाने आणि कायद्याने छळले, त्या घरातली मुलगी वर्तमानपत्र उघडून बसली. या दृश्याला आपल्या आयाबायांच्या डोळ्यांत पाणी का आले, हे आम्ही सांगायला नको.

सातासमुद्रापलीकडेही हेच घडले आहे. अमेरिकेतील काळ्यांच्या ‘ब्लॅक पँथर’वरून १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ हे नाव घेतले गेले, तेव्हापासून त्यांचे आपले नाते आहे. त्यांच्यातल्या लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांची ‘द कलर पर्पल’ ही कादंबरी १९८२ ची. तिच्यावर १९८५ साली चित्रपटही निघाला. सीली नावाच्या मुलीवर घरातच अत्याचार होतो आणि कुणाला सांगायचे नाही अशी धमकी मिळते. ती देवाला पत्रे लिहू लागते. लग्नानंतर नवरा तिच्या बहिणीची पत्रे वर्षानुवर्षे दडवून ठेवतो. एके दिवशी ती पत्रे सापडतात. आपल्यावर प्रेम करणारे कुणीतरी आहे हे वाचून सीली ताठ उभी राहते, घर सोडते, शिवणकामावर स्वतःच्या पायांवर उभी राहते. सीलीची पत्रे आणि बेबीताईंचे लपवलेले कागद यांत किती साम्य आहे! एक कल्पनेतली, दुसरी खरी. दुःख मात्र दोघींचे खरेच.

विज्ञान काय म्हणते?

आपण बुद्धाचे अनुयायी. कुणी सांगितले म्हणून मानायचे नाही, तपासून घ्यायचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत दुःखद प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. इतरांना साध्यासुध्या गोष्टींवर लिहायला दिले. दुःखाविषयी लिहिणाऱ्यांना लिहिल्यावर लगेच अधिक वाईट वाटले. पण प्रसंग आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी वेळा दवाखान्यात गेले. नंतरच्या अनेक प्रयोगांत हा फायदा कधी दिसला, कधी थोडाच दिसला.

म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. लेखन हे डॉक्टरला पर्याय नव्हे. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर सरकारी रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात लाज कसली? आणि दुसरे, लिहिलेले कुणाला दाखवायचे हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचे. घरातल्या पुरुषांनी बाईची वही उघडून पाहू नये. बेबीताईंना लिहिलेले वीस वर्षे लपवावे लागले, तशी वेळ आपल्या घरात यायला नको.

घराघरात काय करता येईल?

आपल्या धम्मात ही परंपरा जुनी आहे. थेरीगाथा म्हणजे भिक्खुणींनी सांगितलेली आपली आयुष्ये. आधी मुखोद्‌गत, मग लेखी. नवरा आणि दोन्ही मुले गमावून वेडी झालेली पटाचारा तथागतांच्या शब्दांनी सावरली, आणि पुढे दुःखाने पिचलेल्या कितीतरी स्त्रियांना तिनेच धीर दिला. बरा झालेला माणूसच दुसऱ्याला बरे करतो.

वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण विहारात, घरात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो. त्या वाचनानंतर अर्धा तास वाढवा. एकाने एखाद्या आत्मकथनातले पान वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. मग ज्याला बोलावेसे वाटेल त्याने बोलावे. महिन्यातून एकदा एखादा चांगला चित्रपट विहारात सर्वांनी मिळून पाहावा.

ज्या आजीला लिहिता येत नाही, तिने सांगावे आणि नातीने लिहावे. आजीच्या बोलीतच लिहावे, शुद्धलेखनाच्या चुका काढू नयेत. कैनाडच्या पाड्यावरचे वारली मूल आपल्या बोलीत बोलले की शाळेत हसतात, ही जखम आपल्या पिढीनेही सोसली आहे. शेजारच्या आदिवासी मुलांनाही या वाचनाला बोलवा. त्यांच्या आईने लिहिलेला चौक पाहायला आपली मुले न्या. शिकवायला जसे जातो, तसे शिकायलाही जाऊ.

मुलामुलींच्या हाती पुस्तक फक्त परीक्षेपुरते देऊ नका. १४ एप्रिलला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलात की एक पुस्तक आणि एक कोरी वही घेऊन या. पुस्तक मुलासाठी, वही त्याच्या आईसाठी. आपल्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठे उठवले. त्यांची गोष्ट अजून कुणी लिहिलेली नाही. त्यांना पाहिलेली माणसे एकेक करून जात आहेत. म्हणून या वर्षावासाची वाट न पाहता, येत्या रविवारीच आजीजवळ बसा आणि वही उघडा.

जयभीम! नमो बुद्धाय!